उभी बोट

सगळे कप्तानांकडे बोट चालवायला शिकायला येत. वहिनी आल्या त्या बोट थांबवायला शिकायला.

"थांबवायला?" कप्तानांनी चहाचा कप धक्क्याच्या कठड्यावर ठेवला. "म्हणजे स्वयंपाकाच्या वर्गाला यायचं आणि म्हणायचं, मला फक्त गॅस बंद करायला शिकवा."

"तेवढंच शिकायचंय," वहिनी म्हणाल्या. "ह्यांची बोट जशी सापडली, तशी उभी करायला."

कप्तानांनी कप पुन्हा उचलला. त्यात चहा उरला नव्हता, तरी त्यांनी तो तोंडाला लावला.

धक्क्यावर सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. कप्तान हे मात्र निव्वळ टोपणनाव. ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत टपाल कचेरीत खिडकीमागे बसले होते आणि मोठी जहाजं त्यांनी पाहिली ती तिकिटांवरच. पण लहान शिडाच्या बोटी त्यांना खरोखर कळत. रविवारी सकाळी ते हौशी लोकांना फुकट शिकवत, बदल्यात त्यांची बडबड ऐकून घ्यावी लागे, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा काही केल्या थांबत नसे.

वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करत. काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, तपासायची. काच एका अंशाने जरी तिरकी बसली तरी ती ज्याच्या डोळ्यांवर जाते त्याचं डोकं उठतं, आणि तो माणूस दोष देतो डॉक्टरला. तेव्हा तिरकेपणा हेरणं हा वहिनींच्या डोळ्यांचा धर्मच होऊन बसला होता. घरात कॅलेंडर वाकडं लटकलं असलं तर त्या हातातलं काम टाकून आधी ते सरळ करत. अलीकडे मात्र स्वयंपाकघरातलं कॅलेंडर वाकडं होतं, ते किती वाकडं आहे हेही वहिनींना अचूक माहीत होतं, आणि त्या त्याखाली बसून जेवत.

दादा गेल्यापासूनचं हे असं. दादा म्हणजे वहिनींचा नवरा. वाईट वाटत होतं असंही म्हणता येत नव्हतं. दाढ काढताना भूल दिली की गाल जागेवर असतो पण तो आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. भाजीत मीठ पडलं नाही हे कळे, पण उठून मीठ घ्यावंसं वाटत नसे. माणसं भेटायला येऊन रडून गेली तेव्हा वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि पेले विसळून ठेवले.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचे. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली, खरवडली, रंगवली आणि वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी एकटेच समुद्रात जाऊ लागले. वहिनींना बोट लागायची, त्यामुळे त्या धक्क्यावरूनच डबा हातात द्यायच्या. एका लख्ख दुपारी मासेमारी करणाऱ्यांना ती बोट किनाऱ्यापासून बरीच आत सापडली. शिडं चढवलेली, सुकाणूचा दांडा दोरीने बांधलेला, बोट जागच्या जागी उभी, आणि आत कोणी नाही. दादा सापडले नाहीत. पोलीस म्हणाले, पाय घसरला असेल.

मासेमारीवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्यांनी ती बोट आधी जाताना पाहिली होती, पण तिच्याजवळ गेले नाहीत. त्या बंदरात एक शिरस्ता आहे. शीड उलटं अडकवून मुद्दाम उभी केलेली बोट दिसली की तिच्या वाटेला जायचं नाही. आतली माणसं जेवत असतात, आडवी झालेली असतात, कोणाला एकटं बसायचं असतं. लांबून हात करायचा आणि वळसा घालून निघून जायचं. त्यांनीही तसंच केलं. पाठमोरा एक माणूस बाकावर बसलेला होता, असं दोघांनी सांगितलं. जाळी ओढून परत येतानाही बोट तशीच, माणूस तसाच. इतका वेळ कोण बसतं म्हणून विचारायला जवळ गेले, तर बोट रिकामी. पोलिसांनी ते कागदावर घेतलं नाही. ऊन डोळ्यांवर असलं की पाण्यावर काहीही दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

लेक दुसऱ्या शहरातून धावत आली होती. तिने सगळं केलं, धावपळ, फोन, सह्या. मग परत जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात नळ चालू ठेवून, भांड्यांकडे बघत तिने विचारलं, "आई, बाबा तुला काही बोलले होते का?"

वहिनींना कळलं तिला काय विचारायचं होतं. दादा आयुष्यात कधी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये सोडून चहालासुद्धा गेले नव्हते. आधी ती नीट मजल्याला लावायची, 'काम चालू आहे' ही पाटी अडकवायची, मग हात पुसायचे. असा माणूस जर स्वतःच्या मनाने जाणार असेल, तर आधी बोट उभी करेल. कुठे खडकावर जाऊन फुटू नये म्हणून.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. दादांनी बोट उभी केली ती जेवायला आणि मग पाय घसरला, की उभी केली ती जाण्यासाठी? दोन्ही गोष्टींसाठी रडावं लागलंच असतं, पण रडणं वेगवेगळं होतं. कुठलं रडायचं हे कळत नव्हतं म्हणून वहिनी रडत नव्हत्या. आपल्या हातांनी तीच कृती केली तर हातांना काहीतरी कळेल, असं त्यांना वाटलं. काच घासताना डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं, तसं.

"बोटीला ब्रेक नसतो," कप्तानांनी पहिला धडा धक्क्यावरच दिला. "म्हणून तिचं तिच्याशीच भांडण लावून द्यायचं."

पुढचं लहान शीड उलट्या बाजूने वाऱ्यात अडकवायचं. ते बोटीचं नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं. सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला लोटून बांधायचा. त्याने नाक वाऱ्याकडे ओढलं जातं. एकाला इकडे जायचंय, दुसऱ्याला तिकडे. कोणी हटत नाही आणि बोट मधल्यामध्ये उभी राहते. "नवरा-बायकोचा संसार चालतो तसं," कप्तान म्हणाले आणि त्यांनी लगेच जीभ चावली. वहिनींना काही वाटलं नाही. त्यांनी दोरी कुठल्या खुंटीला बांधायची ते विचारलं.

मग दोघं दादांच्याच बोटीतून पाण्यात गेले. या कृतीत नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. बोटीचं नाक वळलं की हात सवयीने पुढच्या शिडाची दोरी सोडतो, कारण एरवी वळताना ती सोडायचीच असते. इथे मात्र सोडायची नाही. कप्तानांचे जुने विद्यार्थीसुद्धा तिथे फसत. वहिनींना बोट चालवायची सवयच नव्हती, तेव्हा त्यांचा हात दोरीवर जसाच्या तसा राहिला. पहिल्याच खेपेला बोट उभी राहिली.

वहिनींनी कान दिला. इतका वेळ कानात वारा घोंगावत होता, पाणी बाजूंवर आपटत होतं, दोऱ्या खडखडत होत्या. ते सगळं एकाएकी थांबलं. वारा होता, लाटाही होत्या, पण बोट वाऱ्याबरोबर आडवी आडवी हळूच सरकत होती आणि तिच्या वाऱ्याकडच्या अंगाला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा तयार झाला होता. लाटा त्या पट्ट्यापर्यंत येत आणि बसत. तिथे बाहेरचं काहीच आत येत नव्हतं. वहिनींना ती जागा ओळखीची वाटली. आपण गेले कित्येक महिने अशाच जागी राहतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं.

"आता डबा उघडा, झोपा काढा, काय वाटेल ते करा," कप्तान म्हणाले. "आणि कोणी पाण्यात पडलं असेल तर त्याला वर घ्या. खरं तर ही युक्ती त्याचसाठी."

त्यांनी ते करूनही दाखवलं. अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा एक कॅन ते सोबत घेऊन फिरत आणि त्याला 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांना पाण्यात सोडलं. मग वाऱ्याची नव्हे, त्याच्या उलट बाजू धरली, कारण बोट त्या अंगाला कललेली असते आणि पाणी हाताशी असतं. कप्तान गुडघे टेकून वाकले तशी ती बाजू खाली गेली. हात पाण्यात गेल्यावर आणखी गेली. पाहुणे कडेवर आले तेव्हा कड जवळजवळ पाण्याला टेकली, आणि आत आले तेव्हा बोट दचकल्यासारखी वर उठली. वहिनी पाण्याच्या रेषेकडे बघत होत्या. प्रत्येक वेळी ती किती बोटं खाली गेली हे त्यांनी मनात धरून ठेवलं.

"ही बोट किती वेळ अशी उभी राहते?" त्यांनी विचारलं.

"माणसं असेपर्यंत. वाऱ्याकडच्या बाकावर वजन लागतं. ते नसलं की वारा हिला कलवतो, कलली की ही नाक वाऱ्यात घालते, आणि एकदा नाक पलीकडे गेलं की निघाली मनाला येईल तिकडे. दादा एकटे पुरेसे होते. तुम्ही एकट्या असाल तर पाचएक मिनिटं, फार तर. तुमचं वजन ते काय, पोस्टकार्डाएवढं."

"आणि रिकामी असेल तर?"

"रिकामी उभी राहतच नाही. तिकडे तुम्ही पाण्यात पडला की इकडे ती..." कप्तान बोलता बोलता थांबले. त्यांच्या मनात पाल चुकचुकलेली वहिनींना स्पष्ट दिसली. ती रिकामी बोट त्यांनी स्वतःच आपल्या बोटीमागे ओढत धक्क्याला आणली होती.

"मासेमारीवाल्यांनी तिला जाताना पाहिली आणि येतानाही," वहिनी म्हणाल्या.

"वारा पडला असेल," कप्तान म्हणाले. मग शिकवणाऱ्याच्या आवाजात ते पुढे म्हणाले, "थांबा, तुम्हाला दाखवतोच." ते उठले, वाऱ्याकडचा बाक सोडून पार नाकाशी जाऊन बसले. "आता बघा. वजन गेलं. आता ही वळणार."

वहिनींनी पाहिलं. बोट वळली नाही. कप्तान उठल्यावर वाऱ्याकडची बाजू जेमतेम बोटभर वर आली आणि मग, कोणीतरी सावरून बसावं तशी, पुन्हा दोन बोटं खाली गेली. शिडं भरलेलीच होती. कप्तान वाट पाहत नाकाशी बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि ते गप्प बसलेले वहिनींनी पहिल्यांदाच पाहिले.

"वारा पडलाय," शेवटी ते म्हणाले. त्यांची टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी हाताने दाबून धरली होती.

पुढच्या रविवारी कप्तानांनी स्वतःची बोट काढली. दादांच्याच बोटीएवढी, त्याच बांधणीची. "हिच्यावर शिका," म्हणाले. "तुमच्या बोटीचं तळातलं वजन सरकलेलं दिसतंय." त्या बोटीत वहिनींनी तीच कृती केली. कप्तान बाकावरून उठून नाकाशी गेल्याबरोबर ती बोट कलली, वळली आणि शिडं फडफडवत उलट्या दिशेला निघाली. पुस्तकात असावं तसं सगळं झालं. कप्तानांचा जीव भांड्यात पडला. वहिनी म्हणाल्या, "आता आमच्या बोटीत बघू."

"माझा गुडघा दुखतोय," कप्तान म्हणाले.

त्यानंतर ते दादांच्या बोटीत चढले नाहीत. वहिनी धक्क्याजवळच, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, एकट्याच सराव करू लागल्या. आता त्यांना बोट लागत नव्हती. पाच मिनिटांत वळायला हवी होती ती बोट वहिनी दोरी सोडेपर्यंत उभी राहत होती. वहिनी मधोमध, दांड्याशेजारी बसत. वाऱ्याकडचा बाक मोकळा असे. ती बाजू दोन बोटं खाली असे. कधी कमी नाही, कधी जास्त नाही.

वहिनींना भीती वाटली का? नाही वाटली. भीती वाटायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. उलट त्या बाकाकडे न बघता बसणं त्यांना बरं वाटू लागलं. घरात दादा असेच बसायचे. वर्तमानपत्र वाचत, न बोलता, पण खुर्ची भरून. दुकानात काच घासताना वहिनी रविवारची वाट पाहू लागल्या होत्या, आणि आपण कशाची तरी वाट पाहतो आहोत हे लक्षात आल्यावर त्यांनी मशीन बंद करून थोडा वेळ हात नुसते मांडीवर ठेवले.

लेक बोटीचं काय करायचं ते ठरवायला आली. गिऱ्हाईक तिनेच शोधलं होतं, तिच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी भाऊ. "तू एकटी समुद्रात जातेस म्हणे," ती आल्या आल्या म्हणाली. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी तिथे रात्रंदिवस जिवाला घोर लावून बसायचं का आता?"

"एकदा चल माझ्याबरोबर. मग विकून टाक."

लेक गेली. लाइफ जॅकेटचे पट्टे तीनदा ओढून बघत बसली. वहिनींनी बोट उभी केली, तशी गुळगुळीत पाण्याकडे बघत लेकही शांत झाली. ती वाऱ्याकडच्या बाकावर बसली होती, पार टोकाला, गुडघे जुळवून, खांदा आत ओढून.

"आरामात बस ना," वहिनी म्हणाल्या. "सरक की जरा."

"कुठे सरकू? जागा कुठंय?" लेक म्हणाली.

मग तिने स्वतःच बाजूला पाहिलं. अर्ध्याहून जास्त बाक मोकळा होता. ती हळूच उठली आणि वहिनींच्या पायाशी, खाली ओल्या फळीवर येऊन बसली. धक्क्याला लागेपर्यंत तिने आईचा पदर धरून ठेवला होता, लहानपणी बसमध्ये धरायची तसा.

घरी आल्यावर तिने गिऱ्हाइकाला फोन केला. भाव करत बसू नका, सोमवारी या आणि घेऊन जा, म्हणाली. वहिनींनी मान डोलावली. रविवारी सकाळी लेक अजून झोपेत होती तेव्हा त्या धक्क्यावर गेल्या.

कप्तान तिथेच होते. त्यांनी दोरी सोडायला मदत केली नाही. "वहिनी, एकट्या नका जाऊ," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही एकट्या असता तर मला काही वाटलं नसतं."

"मला फक्त एक विचारायचंय त्यांना," वहिनी म्हणाल्या. "परत येतेच."

त्या दिवशी त्या धक्क्याजवळ थांबल्या नाहीत. किनाऱ्यावरच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येईनाशा होईपर्यंत गेल्या. ऊन स्वच्छ होतं. वारा चांगला होता. त्यांनी नाक वळवलं, पुढची दोरी सोडली नाही, दांडा लोटला, बांधला.

शांत झालं.

वाऱ्याकडची बाजू दोन बोटं खाली गेली.

"अहो," वहिनी म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कित्येक महिन्यांत उच्चारला नव्हता. "पाय घसरला का तुमचा?"

बोट हलली नाही.

"की तुम्हीच..." पुढचं त्यांना बोलवलं नाही. "सांगा ना. मी रागावणार नाही. पण मला कळायला हवं."

बाकावरचं वजन उठलं.

बोट आधी सरळ झाली. मग ते वजन वहिनींच्या समोरून पलीकडे गेलं. फळी करकरली. वहिनींनी नकळत पाय आखडून त्याला वाट दिली.

पलीकडची कड खाली गेली. गुडघे टेकावेत एवढी. मग आणखी, हात पाण्यात घालावा एवढी. वहिनींनी ती मापं पाहिलेली होती. डोळे मिटूनही त्यांना ती कळली असती. कोणीतरी वाकून पाण्यातल्या कोणाला तरी हात देत होतं.

कड थरथरत राहिली. ओढणाऱ्याचा जोर पुरत नसावा.

मग ती एकदम सुटून वर आली. तिथे आता कोणी नव्हतं.

वहिनींना समजलं. दादांनी बोट जेवायला उभी केली नव्हती आणि जायलाही नव्हती. पाण्यात कोणीतरी होतं. त्याला वर घ्यायला ते थांबले, वाकले, हात पुढे केला. ते आम्हाला सोडून गेले नाहीत. वहिनी रडू लागल्या. तोंड उघडं टाकून, आवाज काढून, नाक पुसायचंही भान न ठेवता. इतक्या महिन्यांनी गालावरचं पाणी त्यांना गरम लागलं. लेकीला सांगायला हवं, तिला आत्ता उठवून सांगायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पलीकडची कड पुन्हा खाली गेली.

सावकाश. या वेळी आतून नव्हे, बाहेरून. पाण्यातून कोणी धरून वर चढावं तशी, जवळजवळ पाण्याला टेकेपर्यंत. मग बोट दचकून उठली. समोरची फळी करकरली. वाऱ्याकडची बाजू खाली गेली.

दोन बोटं. कमी नाही, जास्त नाही.

वहिनींचं रडणं थांबलं. एक गेला होता आणि एक आला होता. जो आला तो मासेमारीवाल्यांनी पाठमोरा पाहिला. जो आला तोच इतके रविवार बसला होता. लेकीच्या शेजारी तोच बसला होता.

त्यांनी मान वळवली नाही.

लांबून मासेमारीची एक बोट येत होती. वहिनींनी हात वर करायचा प्रयत्न केला, तो मांडीवरच राहिला. त्या बोटीतल्या एकाने उभी बोट पाहिली. त्याने शिरस्त्याप्रमाणे हात केला. मग त्यांनी अदबीने लांबचा वळसा घेतला आणि इंजिनाचा आवाज कमी कमी होत गेला.

पुढच्या शिडाची दोरी वहिनींच्या हाताशी होती. एक झटका दिला की ती सुटणार होती, बोट निघणार होती. हे त्यांना आता झोपेतही जमलं असतं. त्यांनी दोरीला हात घातला.

"अगं," पलीकडच्या कडेखालून आवाज आला.

दादांनी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. हीच हाक, इतकी वर्षं. आवाजात धाप नव्हती, घाई नव्हती. न्हाणीघरातून टॉवेल मागावा तसा तो होता.

"अगं, हात दे ना जरा."

त्या दिवशी दादांना कोणाच्या आवाजात हाक आली असेल, हे वहिनींना तेव्हा कळलं. 'अहो' म्हणून आली असेल. धक्क्यावर डबा देऊन घरी गेलेल्या बायकोचा आवाज इथे पाण्यात कसा, असा विचार करायला ते थांबले नसतील. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

सगळं कळूनही वहिनींनी दोरी सोडली नाही. खुंटीवरून हात काढून घेतला.

त्या पलीकडे गेल्या. गुडघे टेकले. मागे बाकावरचं वजन जागचं हललं नाही. पाणी हिरवट आणि स्थिर होतं, आत काही दिसत नव्हतं. त्यांनी हात कोपरापर्यंत खाली घातला.

लगेच तो कोणीतरी धरला. पकड ओळखीची होती, अंगठा मनगटावर रोवून धरायची. तळव्याला दादांच्या तळव्याची ऊब होती.

पण पाण्यातला तो हात कोरडा होता.